हाई चावस का?

पांढऱ्या भिंतीवर एक करडा ठिपका, त्याला सहा पाय असल्याची पुसट खूण आणि फोटोखाली एकच ओळ: ‘सर, ही माशी कोणती?’ पावसाळा लागला की खानदेशातल्या शेतीच्या व्हॉट्सॲप गटांवर असे फोटो रोज येऊन पडतात. कुणाच्या ज्वारीच्या कणसावर ती बसलेली असते, कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या म्हशीच्या पाठीवर. खाली उत्तरांची रांग लागते. ‘डास’, ‘चिलट’, ‘पांढरी माशी’, ‘फवारा मारा’. नाव पक्कं व्हायच्या आत औषधाचं नाव आलेलं असतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नजरेतून निसटलेलं’ हा विषय कळवला, तेव्हा मला हे ठिपके आठवले. दोन-तीन मिलिमीटरच्या या माश्या मोबाइलच्या फोटोवरून ओळखता येतात का, किती ओळखता येतात, आणि ओळखून पुढे काय होतं, हे पाहायला मी धुळे जिल्ह्यात फिरलो. नाव चुकलं की उपाय चुकतो, आणि चुकलेल्या उपायाची किंमत माणसं, जनावरं आणि पिकं मोजतात, हे या फिरण्यात पुन्हा पुन्हा समोर आलं.

नकाण्याच्या पाळेवर

धुळे शहराला पाणी पुरवणाऱ्या नकाणे तलावाच्या पाळेवर सूर्य कलताना उभं राहिलं की डोक्यावर हवेत एक धूसर खांब तयार होतो. खालून पाहिलं तर तो जागच्या जागी वरखाली होताना दिसतो. हा हजारो नरांचा थवा असतो. झुडूप, खांब, माणसाचं डोकं, अशी एखादी ठळक खूण धरून ते नाचतात, माद्या थव्यात शिरतात आणि जोड्या जमतात. अंधार पडला की यांतलेच कित्येक जवळच्या घरांच्या ट्यूबलाइटपाशी जमा होतात.

तलावाजवळच्या एका घराच्या ओट्यावर कृषी शाखेत शिकणारी एक मुलगी मोबाइलला चिमट्याचं भिंग लावून भिंतीवरच्या माश्या टिपत होती. शेजारच्या आजी वाकून पाहत होत्या. त्यांनी अहिराणीत विचारलं, “हाई काय शे, बेटा? हाई चावस का?” ती म्हणाली, “नाही आजी, ही चावत नाही. या, दाखवते.”

तिने पडद्यावर फोटो मोठा केला. फिकट हिरवं, सडपातळ अंग. पंख इतके आखूड की उदराचं टोक त्यांच्या पलीकडे उघडं पडलेलं. पुढचे दोन पाय भिंतीवर टेकलेले नाहीत, उचलून हवेत धरलेले. मिशा पिसांसारख्या झुबकेदार, म्हणजे हा नर. आणि तोंडाशी सोंड नाही. डास बसतो तेव्हा बहुधा मागचे पाय उचलतो, त्याची लांब सोंड पुढे आलेली दिसते आणि पंखांच्या शिरांवर खवले असतात. इथे यातलं काहीच नव्हतं. ही कायरोनोमिडी कुलातली माशी. डासाची नातेवाईक आहे, पण रक्त पीत नाही. यातल्या बऱ्याच जातींच्या प्रौढ माश्या तर नीटसं काही खातच नाहीत. जेमतेम काही दिवस जगतात, जोडी जमवतात, अंडी घालतात आणि मरतात.

हिच्या कित्येक जातींच्या अळ्या लालभडक असतात आणि तळाच्या गाळात नळ्या करून राहतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातलाच हा पदार्थ अंगात असल्यामुळे प्राणवायू अगदी कमी असलेल्या घाणेरड्या गाळातही त्या तग धरतात. त्यामुळे पाण्याची तब्येत सांगायला त्या कामी येतात. ज्या डोहाच्या तळात लाल अळ्यांशिवाय दुसरं काहीच सापडत नाही, त्या पाण्यात सांडपाणी मुरतंय असा संशय घ्यायला जागा असते. पांझरा नदीच्या शहरातल्या पात्राकडे या नजरेने पाहायला हवं. डासांची अळी मात्र श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. टाकीतल्या अळ्या वर तरंगतायत की तळाशी वळवळतायत, एवढं पाहिलं तरी निम्मी शंका फिटते.

थवे दिसले की लोक धुराची फवारणी मागतात. न चावणाऱ्या माशीवर औषध उधळून डास काही कमी होत नाहीत. अर्थात, चावत नाही म्हणजे पूर्ण निरुपद्रवी असंही नाही. सुदानात नाईलकाठी या कुलातल्या एका जातीचे थवे इतके माजले की त्यांच्या सुकलेल्या अंगांच्या धुळीने माणसांना दमा होऊ लागला. आपल्याकडे दिव्यांखाली खच पडत असेल तर तो ओल्या फडक्याने पुसावा, झाडूने उडवू नये.

चांगला फोटो कशाला म्हणायचं

त्या मुलीची पद्धत मी नीट पाहिली. पहिला फोटो ती दुरून काढते, माशी कशी बसली आहे ते दाखवणारा. पंख सपाट एकावर एक आहेत, छपरासारखे उतरते आहेत की वर उभे, यावरून कुल ओळखायला मोठी मदत होते. दुसरा फोटो बरोबर वरून, पंखांच्या शिरा दिसतील असा. तिसरा बाजूने, तोंड आणि मिशा येतील असा. फ्लॅशपुढे दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा धरला की उजेड मऊ पडतो आणि अंगावरचे केस दिसायला लागतात. शेजारी आलेखाच्या कागदाची पट्टी ठेवली की माप कळतं. मापाशिवायच्या फोटोत एक मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर सारखेच वाटतात.

माशी आहे की नाही, हे आधी ठरवायचं. माश्यांना आणि डासांना पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांडीदार गोळे असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळणं हे त्यांचं काम. चार पंख दिसले की ती माशी नव्हे. कपाशीवरची ‘पांढरी माशी’ या कसोटीवर बाद होते. ती मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातली आहे आणि पानांचा रस शोषते.

पुढच्या खुणा एकेक करून जुळवायच्या. न्हाणीघराच्या भिंतीवर पानासारखे रुंद, केसाळ पंख पसरून बसलेली माशी गटाराच्या बुळबुळीत थरात वाढते. मोरीची जाळी आणि नळी घासून काढली की ती जाते. कुंडीतल्या ओल्या मातीवरून उडणारी काळसर माशी, जिच्या पंखाच्या मध्यावर शिरेचा स्पष्ट दुबेळका असतो, ती सायरिडी कुलातली. पाणी घालणं कमी केलं की आटोक्यात येते. पिकलेल्या केळ्यांवरची तांबड्या डोळ्यांची माशी वेगळी, आणि डोळ्यांपुढे सारखी घोंघावणारी, आखूड मिशांची चिलटं वेगळी.

फोटोइतकंच मोल सोबतच्या चार ओळींचं असतं. कुठे, किती वाजता, कशावर बसली होती, आजूबाजूला पाणी होतं की शेण. या ओळी नसतील तर जाणकारही हात टेकतो.

भिंतीच्या भेगेत

मोरीतल्या त्या केसाळ माशीचं सायकोडिडी हे कुल. याच कुलात वाळूमाशीही येते, आणि तिच्याबाबतीत नावाची चूक जिवावर बेतू शकते.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा भागात तापाने आजारी असलेल्या माणसांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा काढण्यात आला. हे काम पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. विषाणूला गावाचं नाव मिळालं. पुढे औरंगाबाद भागात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर परिसरात पकडलेल्या वाळूमाश्यांमध्येही तोच विषाणू सापडला आणि १९७० मध्ये तशी नोंद प्रसिद्ध झाली. कितीतरी वर्षं हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिला. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. तिथे अभ्यासलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्या वर्षी मुलं गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा साथ उसळली. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. या रुग्णांपैकी ६४ जणांमध्ये चांदीपुरा विषाणू असल्याचं तपासणीत पक्कं झालं. या तापात चांगलं खेळतं मूल अचानक तापतं, झटके येतात, शुद्ध हरपते आणि एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. गुजरातची हद्द धुळ्यापासून लांब नाही.

साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत मी आशाताईंबरोबर फिरलो. कुडाच्या आणि मातीच्या भिंती, त्यांना पडलेल्या भेगा, एकाच छपराखाली माणसं आणि गुरं. गोठ्याकडच्या भिंतीवर विजेरीचा तिरपा झोत टाकल्यावर त्यांना एक माशी दिसली. जेमतेम तीन मिलिमीटर, वाळूच्या रंगाची, अंगभर केस, पाय लांबसडक आणि दोन्ही पंख पाठीवर तिरपे उभारलेले. मोबाइल जवळ नेला तशी ती उडाली नाही. भिंतीवरच टुणकन सरकून बसली. उभे पंख, केस आणि उड्या, या तीन खुणा एकत्र आल्या की वाळूमाशी म्हणायला हरकत नाही. तो फोटो चांगला आला.

ओळख पटली की सगळी आखणी बदलते. डासांसाठी आपण आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळतो, भांडी पालथी घालतो. वाळूमाशीला त्याचा काहीच फरक पडत नाही, कारण ती पाण्यात वाढतच नाही. भेगांमधल्या, गोठ्याच्या कडेच्या, शेण आणि पालापाचोळा मिसळलेल्या दमट मातीत तिच्या अळ्या असतात. भेगा लिंपणं, शेणाचा ढीग घरापासून दूर नेणं, भिंतींवर आतून औषध मारणं, मुलांना अंगभर कपडे घालणं, हे तिचे उपाय. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही ती आत शिरते; बारीक जाळीची मच्छरदाणी लागते. ‘डास झालेत’ असं म्हणून गटारीत औषध ओतणाऱ्या गावात ही माशी भिंतीत सुखाने वाढत राहते.

फोटोची मर्यादाही इथेच लक्षात येते. माणसाचं रक्त आवडीने पिणारी फ्लेबोटोमस आणि मुख्यतः पाली-सरड्यांवर जगणारी सर्जेंटोमिया या दोन्ही प्रजाती फोटोत जवळजवळ सारख्याच दिसतात. मादीच्या घशातले दाते आणि पोटातली वीर्य साठवणारी पिशवी काचेवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. म्हणून सर्वेक्षण करणारे एरंडेल लावलेले कागद भिंतीपाशी टांगतात, चूषक नळीने माश्या ओढून घेतात आणि मगच नाव देतात. फोटोवरून कळतं ते एवढंच, की हे कागद कोणत्या घरात टांगायचे.

पोचट कणीस

शिरपूर तालुक्यात उशिरा पेरलेल्या एका खरीप ज्वारीच्या शेतात सकाळी ऊन वर येत असताना आम्ही पोचलो. कणसं अर्धी फुलोऱ्यात होती. पिवळ्या परागांच्या मधून नारिंगी रंगाचे बारीक ठिपके फिरत होते. भिंगाखाली ते ठिपके माश्या झाले: दीड-दोन मिलिमीटरचं अंग, नारिंगी-लाल उदर, मण्यांच्या माळेसारख्या मिशा, आणि पंखांवर शिरा अगदी मोजक्या. एका मादीने उदराचं टोक लांब सुईइतकं बारीक ताणलं, उमललेल्या फुलाच्या तुसांत घातलं, क्षणभर थांबली आणि पुढच्या फुलाकडे सरकली. ही ज्वारीची मिजमाशी, सेसिडोमायिडी कुलातली. प्रौढ मादी साधारण एकच दिवस जगते आणि त्या दिवसात फुलाफुलावर अंडी ठेवत जाते. अळी कोवळ्या बीजांडाचा रस शोषते आणि तिथे दाणा भरतच नाही.

शेतकरीदादांची समजूत अशी होती, की पावसाने फुलोरा धुतला म्हणून मागच्या साली कणसं पोचट निघाली. तसंही होतं. दोन्हींतला फरक ओळखायची खूण आमच्याबरोबरच्या निवृत्त कृषी सहायकांनी दाखवली. फुलोरा होऊन आठवडा-दीड आठवडा झालेल्या कणसातला एक पोचट दाणा त्यांनी चिमटीत दाबला, तर नखावर लालसर ओल उमटली. तो अळीचा रस होता. पावसाने वांझ राहिलेल्या दाण्यातून काही निघत नाही. काही तुसांच्या टोकाला पारदर्शक, पांढुरकी टरफलं अडकली होती. माशी बाहेर पडल्यावर मागे राहिलेले ते कोष. दादा बराच वेळ बोटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पावसाला उगाच दोष देत होतो.”

या किडीवर औषधापेक्षा पेरणीचा काळ जास्त चालतो. एका पिढीला साधारण दोन आठवडे लागतात. गावात कुणी जूनमध्ये, कुणी जुलैअखेर पेरलं की फुलोरा महिनाभर पुरतो, माशीच्या पिढ्यांमागून पिढ्या पोसल्या जातात आणि शेवटी पेरणाऱ्याच्या शेतावर सगळी झुंड उतरते. शिवारभर एकाच सुमारास पेरलं तर माशीची संख्या वाढायच्या आत फुलोरा संपून जातो. पांझरेच्या काठी शतकानुशतकं चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचा रिवाज होता. तो होता पाण्याच्या वाटणीसाठी, पण एकसाथ फुलोरा हा त्याचा न मागता मिळालेला लाभ होता, असं मला वाटतं. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने मिजमाशीला दाद न देणाऱ्या वाणांवरही काम केलं आहे; तुसं आखूड आणि घट्ट असली की मादीला अंडी घालणं अवघड जातं.

मेंढ्यांच्या वाड्यावर

पावसाळा सरता सरता धुळे-नंदुरबारचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन शेताशेतांत वाडे घालतात. दिवस मावळला की मेंढ्या अस्वस्थ होतात, कान झटकतात, एकमेकींत तोंड खुपसतात. एका वाड्यावर मेंढीच्या नाकाशी टिपलेल्या फोटोत एक ते दीड मिलिमीटरची माशी आली. पाय आखूड, पाठ थोडी कुबडी, पंख पाठीवर सपाट एकावर एक दुमडलेले आणि त्यांवर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. ही क्युलिकॉइडिस, सेरॅटोपोगोनिडी कुलातली, आणि हिच्या माद्या रक्त पितात.

हीच माशी मेंढ्यांना नीलजिव्हा रोग देते. ताप, सुजलेलं तोंड, नाकातून स्राव, लंगडणं आणि क्वचित निळी पडलेली जीभ. भारतातली या रोगाची पहिली नोंद १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली, ती महाराष्ट्रातल्या मेंढ्या-शेळ्यांचीच. माणसाला हा रोग होत नाही. रोगी मेंढी वेगळी बांधून तो थांबत नाही, कारण तो पसरवते ती माशी. पावसाळ्यापूर्वी लस टोचणं आणि शेणाने माखलेल्या चिखलापासून वाडा दूर, कोरड्या चढावर घालणं, हे खरे उपाय. त्या चिखलातच तिच्या अळ्या वाढतात. वाड्यावरचे बाबा म्हणाले, “चिलट तर चिलट, आम्ही धूर करतो.” धुराने रात्र निभावते. वाड्याची जागा बदलली तर हंगाम निभावेल.

याच कुलातल्या फोर्सिपोमिया या माश्या जगभर कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात. चॉकलेट त्यांच्या मेहनतीवर उभं आहे. त्यांतल्या एकीचे पंख सेकंदाला हजाराहून अधिक वेळा हलतात, असं मोजलं गेलं आहे. तेव्हा कुलाचं नाव ऐकून लगेच वाईट-चांगलं ठरवणंही बरोबर नाही.

नाव कुठवर न्यायचं

मोबाइलमधली ओळखणारी ॲप आता फोटो टाकताच जातीचं पूर्ण नाव सुचवतात. पक्षी आणि फुलपाखरांसाठी ती चांगली आहेत. या माश्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. ज्या जातींचे फोटो ॲपला शिकवलेले असतात त्यांतलंच नाव ते देणार, आणि आपल्याकडच्या बहुतेक जातींचे खात्रीचे फोटोच कुठे नाहीत. कित्येकींना तर अजून नावही नाही.

ही पोकळी केवढी आहे ते पाहा. जगात माश्या-डासांच्या सुमारे १ लाख ६० हजार जातींना नावं मिळाली आहेत. मिजमाशीच्या कुलातल्या नाव मिळालेल्या जाती साधारण ६,६००. २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कीटकांच्या जनुकाचा ठरावीक तुकडा वाचून हिशेब केला, तेव्हा एकट्या कॅनडात या कुलाच्या सुमारे १६ हजार जाती असाव्यात असा अंदाज निघाला. उष्ण प्रदेशात किती असतील?

भारतात या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एन्रिको ब्रुनेटी यांचं नाव येतं. पेशाने संगीतकार असलेला हा माणूस कोलकात्यात राहून माश्या गोळा करत असे. १९१२ मध्ये त्यांचा लांब मिशांच्या माश्यांवरचा खंड निघाला, पण कायरोनोमिडी आणि डास त्यातून वगळलेले होते. पुढे एम. एस. मणी यांनी १९३० च्या दशकापासून गाठी करणाऱ्या माश्यांच्या अनेक भारतीय जातींना नावं दिली. इतकी मोठी परंपरा असूनही आज जिल्ह्याच्या पातळीवर नमुना पाहून सांगणारा माणूस मिळणं कठीण आहे.

म्हणून फोटोवरून नाव देताना कुलापाशी थांबणं हे अर्धवट उत्तर समजू नये. ‘कायरोनोमिडी, नर, जात फोटोवरून सांगता येत नाही’ हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. पुढची पायरी नराच्या जननांगावर, काचपट्टीवर किंवा जनुकाच्या वाचनावर ठरते. गावातल्या माणसाला उपायासाठी बहुतेक वेळा कुल पुरतं: चावते का, कुठे वाढते, काय खाते. शास्त्राला जात हवी असते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच फोटोवर भागवायला गेलं की खोटी नावं जन्माला येतात.

फोटोसोबत नमुना

धुळ्याकडे हे काम करायला लागणारं जवळजवळ सगळं आहे. कृषी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात विद्यापीठ आणि तेलबिया संशोधन केंद्र आहे, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आणि विषाणू विज्ञान संस्था आहे. आशाताईंच्या, कृषी सहायकांच्या, पशुधन पर्यवेक्षकांच्या हातात मोबाइल आहेत. नाही ती या सगळ्यांना जोडणारी एक साधी सवय: फोटो काढला की तीच माशी ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकायची, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालायची. गाव, तारीख, वेळ, कशावर सापडली. शाईचं अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळतं, पेन्सिलीचं टिकतं.

अशी बाटली जवळ असेल तर आजचा फोटो पाच वर्षांनीही तपासता येतो. तपासून नाव पक्कं झालं की तोच फोटो या भागातल्या पुढच्या प्रत्येक फोटोसाठी पुरावा ठरतो. अशा शे-दोनशे जोड्या एका महाविद्यालयाच्या कपाटात जमल्या, तर धुळ्याच्या माश्यांना परदेशी नावं चिकटवायची वेळ येणार नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात कुण्या वाडीत मुलं तापली, तर भिंतीवरची माशी कोणती हे विचारत बसण्यात पहिले मोलाचे तास जाणार नाहीत. पैसा यासाठी फार लागत नाही. हे काम आपलं आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं. कृषी आणि विज्ञान शिकवणाऱ्या खानदेशातल्या प्रत्येक महाविद्यालयाने ते म्हणावं, आणि येत्या मृगापासून सुरुवात करावी.